मर्यादा उमेदवाराला, मोकळीक पक्षाला

जून २०१३ मध्ये मुंबईतल्या एका पुस्तक प्रकाशन समारंभात भाजपचे नेते गोपीनाथ मुंडे यांनी दोन आकडे सांगितले. १९८० च्या निवडणुकीत आपल्याला २९ हजार रुपये खर्च आला होता आणि २००९ ची बीडची लोकसभा निवडणूक लढवताना तो आठ कोटींवर गेला, असे ते म्हणाले. २००९ मध्ये लोकसभेच्या उमेदवाराला कायद्याने फार तर २५ लाख रुपये खर्च करता येत होते. मुंडे यांनी निवडणूक आयोगाकडे दिलेला हिशेब सुमारे १९ लाखांचा होता. आयोगाने नोटीस काढली, खुलासा मागवला आणि पुढचे काही आठवडे चर्चा झाली ती मुंडे आता अडचणीत येणार का, एवढीच. मला मात्र त्या भाषणाचे मोल वेगळे वाटते. महाराष्ट्रातला कोणताही तालुका पातळीवरचा कार्यकर्ता जे जाणतो, ते एका मोठ्या नेत्याने भर सभेत एकदा बोलून दाखवले. लेखी १९ लाख आणि तोंडी आठ कोटी या दोन आकड्यांमधल्या अंतरात आपल्या निवडणूक खर्चाचा सगळा प्रश्न सामावलेला आहे.

राजकीय पक्ष निवडणुकीवर किती खर्च करतात, या प्रश्नाला भारतात तीन उत्तरे मिळतात. पहिले उमेदवाराच्या हिशेबवहीतले. दुसरे पक्षाने निवडणुकीनंतर आयोगाला दिलेल्या खर्चाच्या विवरणातले. तिसरे कुठेही लिहिलेले नाही, त्याचा फक्त अंदाज बांधता येतो. कायद्याने मर्यादा घातली आहे ती या तिन्हींतल्या सर्वांत छोट्या आकड्याला.

उमेदवाराच्या वहीपासून सुरुवात करू. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम ७७ प्रमाणे प्रत्येक उमेदवाराला खर्चाचा हिशेब ठेवावा लागतो आणि कलम ७८ प्रमाणे निकालानंतर ३० दिवसांत तो सादर करावा लागतो. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या एका जागेसाठी मर्यादा २५ हजार रुपये होती. १९९८ पर्यंत ती १५ लाखांवर पोहोचली. २००९ मध्ये २५ लाख, २०१४ मध्ये ७० लाख, आणि जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रासारख्या मोठ्या राज्यांत लोकसभेला ९५ लाख व विधानसभेला ४० लाख. गोव्यात हेच आकडे ७५ लाख आणि २८ लाख आहेत.

आता उमेदवारांनी दाखवलेला खर्च पाहा. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था, म्हणजे एडीआर, निवडून आलेल्या खासदारांचे हिशेब दर निवडणुकीनंतर तपासते. २००९ मध्ये मर्यादा २५ लाख होती तेव्हा खासदारांचा सरासरी खर्च साडेचौदा लाखांच्या आसपास, म्हणजे मर्यादेच्या ५९ टक्के होता. २०१४ मध्ये मर्यादा ७० लाख झाली आणि सरासरी खर्च ४० लाखांवर, म्हणजे ५८ टक्क्यांवर आला. पाच वर्षांत मर्यादा जवळजवळ तिप्पट झाली आणि जाहीर केलेला खर्चही जवळजवळ तिप्पट झाला. टक्केवारी मात्र जागची हलली नाही. डिझेल, मंडप आणि छपाई तिप्पट महागली असती तर ही वाढ समजली असती, पण तसे काही झाले नव्हते. मला यातून एकच अर्थ लागतो. वही लिहिताना आधी मर्यादेकडे पाहिले जाते आणि आकडे मागाहून बसवले जातात. मर्यादा जर खरोखर आड येत असती, तर निदान काही उमेदवार तिला टेकलेले दिसले असते आणि काही जण ती ओलांडताना पकडले गेले असते. सरासरीने चाळीस टक्के जागा मोकळी सोडणारे हिशेब पाहून मर्यादा वाढवा ही मागणी पोकळ वाटते. तरीही ती दर वेळी होते आणि मान्यही होते.

हा हिशेब सुरू कधी होतो, हे त्याहून महत्त्वाचे. कायदा सांगतो की उमेदवारी दाखल झाल्यापासून निकाल लागेपर्यंतचा खर्च धरायचा. २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत अर्ज भरण्याची मुदत २२ ते २९ ऑक्टोबर होती, मतदान २० नोव्हेंबरला झाले आणि मतमोजणी २३ नोव्हेंबरला. म्हणजे कायद्याच्या नजरेत प्रचार सुमारे महिनाभरच चालला. ज्यांनी महाराष्ट्रात निवडणुकीचे वर्ष जवळून पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की इच्छुकाचा खर्च दोन-दोन वर्षे आधी सुरू झालेला असतो. दहीहंडीची बक्षिसे, गणेश मंडळांची वर्गणी, नवरात्रातले कार्यक्रम, पैठणी देणारे महिलांचे खेळ, अष्टविनायक आणि तुळजापूरच्या बसगाड्या, शाळकरी मुलांच्या वह्या, दिवाळीचा शिधा, मोफत डोळे तपासणी, स्वतःच्या नावाची रुग्णवाहिका, वाढदिवसाचे फ्लेक्स. यातला एक रुपयाही कलम ७७ च्या वहीत येत नाही. हे सगळे वाईट असते असे मी म्हणणार नाही. रुग्णवाहिका रात्री दोन वाजता दारात येते तेव्हा ती कोणाच्या पैशाने आली हे घरचे लोक विचारत नाहीत, आणि विचारूही नये. पण राजकारणात उतरू पाहणाऱ्या शिक्षकाला किंवा शेतमजुराच्या मुलीला स्पर्धेत उभे राहायचे तर अर्ज भरायच्या आधीच केवढा पैसा लागतो, याचे मोजमाप करायला आपल्याकडे मापच नाही.

मर्यादेच्या कथेतले कळीचे वळण १९७४ सालचे आहे. दिल्ली सदर मतदारसंघातल्या १९७१ च्या निवडणुकीविषयी कंवरलाल गुप्ता विरुद्ध अमरनाथ चावला असा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. पक्षाने एखाद्या उमेदवारासाठी केलेला खर्च, जर उमेदवाराला तो माहीत असेल आणि त्याने त्याचा लाभ घेतला असेल, तर तो उमेदवाराच्याच खात्यात धरला पाहिजे, असा निकाल न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी दिला. त्यामागचा विचार साधा होता. ज्या पक्षामागे धनिक उभे आहेत त्या पक्षाच्या उमेदवाराला मोकळे रान आणि बाकीच्यांना मर्यादा, अशी व्यवस्था समतेच्या तत्त्वाला धरून नाही. निकाल ऑक्टोबर १९७४ चा. त्याच महिन्यात सरकारने अध्यादेश काढला आणि कलम ७७ ला एक स्पष्टीकरण जोडले: पक्षाने किंवा अन्य कोणी केलेला खर्च उमेदवाराचा मानला जाणार नाही. बदल पूर्वलक्षी होता. इंदिरा गांधी यांच्याविरुद्ध राजनारायण यांनी अलाहाबाद उच्च न्यायालयात दाखल केलेल्या याचिकेत मर्यादेपेक्षा जास्त खर्चाचाही आरोप होता. जून १९७५ मध्ये इंदिरा गांधींची निवडणूक रद्द झाली ती दुसऱ्या कारणांवर. खर्चाचा आरोप टिकला नाही.

त्या एका स्पष्टीकरणाने पुढची तीस वर्षे मर्यादेला अर्थ उरू दिला नाही. १९९१ च्या अहमदनगर लोकसभा निवडणुकीवरून यशवंतराव गडाख आणि बाळासाहेब विखे पाटील यांच्यात जो गाजलेला खटला चालला, त्याच्या १९९३ च्या निकालातही सर्वोच्च न्यायालयाला या विसंगतीवर बोट ठेवावे लागले होते. खर्चाविषयीचा कायदा प्रत्यक्षातल्या परिस्थितीला पुरा पडत नाही, कारण पक्ष आणि इतरांचा खर्च मर्यादेच्या बाहेरच राहतो, असे न्यायालयाने नोंदवले. १९९६ मध्ये कॉमन कॉज या संस्थेच्या याचिकेवर न्यायालयाने पक्षांच्या प्राप्तिकर विवरणांकडे लक्ष वेधले आणि निवडणुकीवर होणाऱ्या खर्चाचा तपशील मागण्याचा आयोगाचा अधिकार मान्य केला. आज पक्षांना लोकसभेनंतर ९० दिवसांत आणि विधानसभेनंतर ७५ दिवसांत विवरण द्यावे लागते, ते त्या निकालामुळे. शेवटी २००३ मध्ये कायदा बदलला. पक्षाची मोकळीक आक्रसली आणि फक्त ‘स्टार प्रचारकां’च्या प्रवासाचा खर्च उमेदवाराच्या खात्याबाहेर राहिला. मान्यताप्राप्त पक्षाला असे ४० प्रचारक नेमता येतात. हेलिकॉप्टरचे महागडे भाडे कोणाच्याच मर्यादेत का बसत नाही, याचे उत्तर या तरतुदीत आहे.

एक दार मात्र आजही सताड उघडे आहे. पक्ष जो प्रचार एखाद्या उमेदवाराचे नाव न घेता करतो, म्हणजे नेत्याचा फोटो, चिन्ह, घोषणा, दूरचित्रवाणीवरच्या जाहिराती, मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ, तो ‘सर्वसाधारण पक्षप्रचार’ ठरतो आणि त्याला कोणतीही मर्यादा नाही. मतदार तर आता बहुतेक ठिकाणी चिन्ह आणि नेता पाहून मत देतो. म्हणजे प्रचारातला जो भाग सर्वांत परिणामकारक, तोच मर्यादेतून सुटलेला.

पक्षांची विवरणे हे स्वच्छपणे सांगतात. २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत भाजपने ७१४ कोटी, काँग्रेसने ५१६ कोटी आणि राष्ट्रवादी काँग्रेसने ५१ कोटी खर्च दाखवला. २०१९ मध्ये भाजपचा आकडा १,२६४ कोटी आणि काँग्रेसचा ८२० कोटी होता. भाजपच्या त्या १,२६४ कोटींपैकी सुमारे १,०७८ कोटी सर्वसाधारण प्रचाराचे आणि सुमारे १८६ कोटी उमेदवारांसाठीचे होते. शंभरातले पंच्याऐंशी रुपये मर्यादेच्या कक्षेबाहेर. २०२४ साठी एडीआरने ३२ पक्षांची विवरणे एकत्र केली तेव्हा बेरीज सुमारे ३,३५३ कोटी झाली. त्यात भाजपचे सुमारे १,४९४ कोटी आणि काँग्रेसचे ६२० कोटी होते. लोकसभेबरोबर झालेल्या चार राज्यांच्या विधानसभा निवडणुकांचा खर्चही यात आहे. एक छोटा गुणाकार इथे करून पाहावा. भाजपने २०२४ मध्ये ४४१ उमेदवार उभे केले. प्रत्येकाने ९५ लाख पुरेपूर खर्च केले असते तरी बेरीज ४१९ कोटींच्या आत राहिली असती. ब्रिटनमध्ये उमेदवाराबरोबर पक्षालाही मर्यादा आहे. तिथे पक्षाने लढवलेल्या जागांवर ती ठरते. २०२३ मध्ये वाढवल्यानंतर ती एका जागेमागे ५४,०१० पौंड आहे. आपल्याकडे असा नियम नाही, आणि जवळजवळ सगळेच पक्ष त्याबाबतीत एकमताने गप्प आहेत.

तिसरा आकडा अंदाजाचा. दिल्लीच्या सेंटर फॉर मीडिया स्टडीज या संस्थेने २०१९ च्या लोकसभा निवडणुकीचा एकूण खर्च ५५ ते ६० हजार कोटी धरला होता आणि २०२४ साठी १ लाख ३५ हजार कोटींचा अंदाज दिला. हे आकडे वृत्तपत्रांत छापले जातात तेव्हा ते मोजलेले वाटतात, तसे ते नाहीत. त्यात सरकारचा खर्च आहे, माध्यमांतला आहे, उमेदवारांचा आहे, आणि बराचसा भाग मुलाखती व निरीक्षणांवरून लावलेला अदमास आहे. मी या आकड्याकडे दिशादर्शक म्हणून पाहतो, त्यातल्या शेवटच्या शून्यापर्यंत विश्वास ठेवत नाही. तरीही जाहीर झालेली सगळी विवरणे मिळून काही हजार कोटी आणि अंदाज लाख कोटींच्या पुढे, ही दरी एवढी मोठी आहे की अंदाज निम्म्याने चुकला तरी निष्कर्ष बदलत नाही.

त्या दरीत काय पडलेले आहे याचा एक पुरावा नाक्यानाक्यावर मिळतो. २०१९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात जप्त झालेली रोकड, दारू, मौल्यवान धातू आणि इतर वस्तू १०३ कोटींच्या होत्या. २०२४ मध्ये मतदानाच्या दोन दिवस आधीच हा आकडा ६६० कोटींपर्यंत गेला होता. भरारी पथके आणि स्थिर सर्वेक्षण पथके जास्त जागरूक झाली, हेही यामागचे एक कारण आहे, आणि जप्त झालेले सगळेच सोने निवडणुकीचे नसते. व्यापाऱ्याची रोकड अडकते आणि ती सोडवताना त्याचे हाल होतात, हेही खरे. तरी सहापट वाढ नुसत्या सतर्कतेने होत नाही.

इथे आपण एका रूढ समजुतीशी येऊन ठेपतो: पैसे वाटले जातात, लोक घेतात, मत विकले जाते. ‘लक्ष्मीदर्शन’ हा शब्द महाराष्ट्राच्या राजकीय बोलीत एवढा रुळला आहे की २०१४ मध्ये निलंग्याच्या सभेत नितीन गडकरी यांनी तो वापरला आणि आयोगाला त्याची दखल घ्यावी लागली. मतदाराला दोष देणे सोपे असते, म्हणून ही समजूत टिकते. मुंबईतल्या दोन अभ्यासांनी तिला चांगलाच धक्का दिला आहे.

लिसा ब्योर्कमन या मानवशास्त्रज्ञ २०१२ च्या मुंबई महापालिका निवडणुकीत वस्त्यांमधून फिरल्या. त्यांना दिसले ते असे की रोख पैसा मुख्यतः मतदाराकडे मताची किंमत म्हणून जात नव्हता. तो वस्तीतल्या कामे करणाऱ्या माणसांकडे, मंडळांकडे, महिला गटांकडे, फेरीत चालणाऱ्या बायकांकडे जात होता. पाण्याचे कनेक्शन, रेशनकार्ड, शाळेचा दाखला, पोलिस ठाण्यातली तक्रार यासाठी वर्षभर धावणारी ही माणसे. त्यांच्या हातात पैसा येतो तेव्हा उमेदवार आपल्याला ओळखतो आणि आपले त्याच्याशी नाते आहे, हे ती शेजाऱ्यांना दाखवू शकतात. पैसा म्हणजे इथे नात्याची खूण. राज्यशास्त्रज्ञ सिमॉन शोशार यांनी मुंबईतल्या उमेदवारांशी आणि त्यांच्या कार्यकर्त्यांशी बोलून २०१८ मध्ये जे मांडले ते याला पूरक आहे. वाटलेल्या पाकिटातून मते नक्की मिळतील असा भरवसा उमेदवारांनाच नसतो. मतदान गुप्त आहे, लोक चार पक्षांकडून घेतात, मधली माणसे निम्मे स्वतःच ठेवतात, हे सगळे त्यांना माहीत असते. तरीही वाटप होते, कारण समोरचा वाटतो. आपण हात आखडला तर शर्यतीतून बाद झालो असा बोभाटा होईल, ही भीती.

या अभ्यासांमुळे प्रश्नाची मांडणीच बदलते असे मला वाटते. मत विकत मिळत नसेल तर एवढा खर्च कशाचा? तो यंत्रणेचा आहे. एका विधानसभा मतदारसंघात तीनशेच्या वर मतदान केंद्रे असतात. प्रत्येक बूथवर आत बसणारा प्रतिनिधी, बाहेरचे टेबल, स्लिपा वाटणारी पोरे, म्हाताऱ्यांना आणायला रिक्षा, सगळ्यांचा चहा-नाश्ता आणि जेवण. प्रचाराचे पंधरा दिवस रोज गाड्या, डिझेल, स्पीकर, फेरीतली माणसे. एके काळी हे काम वैचारिक निष्ठेने बांधलेला कार्यकर्ता घरची भाकरी बांधून करीत असे. १९६७ मध्ये जॉर्ज फर्नांडिस यांनी दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांना हरवले. पाटील मुंबई काँग्रेसचे सर्वेसर्वा होते, पक्षासाठी पैसा उभा करण्याची त्यांची ताकद सर्वश्रुत होती. फर्नांडिस यांच्यामागे होते ते कामगार. पक्षांनी पुढे अंतर्गत निवडणुका बंद केल्या, शाखा आणि अभ्यासवर्ग ओस पडले आणि कार्यकर्ता रोजंदारीवर आला. पक्ष पोकळ झाला की निवडणूक महाग होते, हे या खर्चामागचे सर्वांत खोल कारण आहे आणि त्यावर सर्वांत कमी लिहिले जाते.

हा पैसा येतो कुठून, त्याचा इतिहासही मुंबईतूनच सुरू होतो. १९५७ मध्ये टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने राजकीय देणग्या देता याव्यात म्हणून आपल्या घटनापत्रकात बदल मागितला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात आले. मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी कायद्याला धरून परवानगी दिली, पण निकालपत्रात धोक्याची सूचना लिहून ठेवली: मोठ्या पैशाने नव्या लोकशाहीचा गळा आवळला जाऊ शकतो, आणि संसदेने याचा विचार करावा. संसदेने केला, पण दर वेळी उलटसुलट. १९६० मध्ये देणग्यांवर मर्यादा आली, १९६९ मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर संपूर्ण बंदी. बंदी आली पण पक्षांना त्याऐवजी दुसरा कोणताही स्रोत दिला गेला नाही, त्यामुळे चेकची जागा रोकडीने घेतली. परवाने वाटणारे राज्य आणि रोकड मोजणारे पक्ष यांची गाठ त्या काळात पक्की झाली. १९८५ मध्ये देणग्या पुन्हा खुल्या झाल्या तोवर सवय लागून गेली होती.

२०१७ च्या अर्थसंकल्पात निवडणूक रोख्यांची घोषणा झाली आणि त्याच वर्षी कंपन्यांच्या देणगीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादाही काढून टाकली गेली. २०१८ पासून रोखे विकले जाऊ लागले. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ती योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली, तोवर सुमारे साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले होते. एप्रिल २०१९ नंतरच्या ज्या काळाचा तपशील बाहेर आला त्यात भाजपला सहा हजार कोटींहून जास्त, तृणमूल काँग्रेसला सुमारे १,६०० कोटी, काँग्रेसला १,४०० कोटींवर आणि भारत राष्ट्र समितीला १,२०० कोटींवर रक्कम मिळालेली दिसली. लॉटरीच्या धंद्यातली एक कंपनी १,३६८ कोटी देऊन सर्वांत वर होती. नागरिकाला देणगीदाराचे नाव कळले पाहिजे, हा हक्क या निकालाने मान्य केला आणि तो फार मोलाचा आहे. पण रोखे हा चेकचा पैसा होता. रोकडीचा प्रश्न त्या निकालाच्या आधीही होता, नंतरही आहे.

रोकडीचा माग काढणे अवघड, तरी दोन संशोधनांनी तो चतुराईने काढला. देवेश कपूर आणि मिलन वैष्णव यांनी सिमेंटचा खप तपासला. निवडणुकीच्या सुमारास राज्यात सिमेंटचा खप घसरतो असे त्यांना आढळले. बांधकाम व्यावसायिकांचा रोख पैसा त्या काळात नेत्यांकडे वळतो, म्हणून कामे मंदावतात, असा त्यांचा तर्क आहे. दुसरे संशोधन थेट आपल्या उसाच्या फडातले. संदीप सुखटणकर यांनी महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांची आकडेवारी अभ्यासून २०१२ मध्ये दाखवले की ज्या कारखान्याचा अध्यक्ष निवडणूक लढवतो, तो कारखाना निवडणुकीच्या वर्षी उसाला कमी भाव देतो. अध्यक्ष निवडून आला तर पुढे शेतकऱ्याला त्यातले काही परत मिळताना दिसते. म्हणजे शेतकरी एका परीने आपल्या नेत्याच्या प्रचाराला वर्गणी देतो, फक्त त्याला विचारलेले नसते. निवडणुकीच्या खर्चाचा भार कोणावर पडतो याचे याहून थेट उत्तर माझ्या वाचनात नाही: उसाच्या टनामागे कमी मिळालेला भाव.

याच शेतकऱ्याला विचारून पैसे मागितले तर काय होते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २००९ मध्ये राजू शेट्टी यांनी हातकणंगले लोकसभा मतदारसंघात ‘एक नोट, एक व्होट’ म्हणत निवडणूक लढवली, गावोगावी लोकांनी पैसे दिले आणि ते निवडून आले. ऊसदराच्या आंदोलनाने आधी उभी केलेली संघटना त्यामागे होती. ती नसती तर नुसत्या घोषणेने हे झाले नसते.

आणि दुसरे टोक ग्रामपंचायतीचे. जानेवारी २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या उमराणे आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळी या ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाने रद्द केल्या, कारण पदांचा जाहीर लिलाव झाला होता. उमराण्यातली बोली दोन कोटींच्या पुढे गेल्याच्या बातम्या होत्या आणि ती रक्कम देवळाच्या कामाला जायची होती. गावकऱ्यांच्या बाजूचा युक्तिवाद मी ऐकला आहे: नाही तरी पैसा दारूत आणि मटणात जातो, त्यापेक्षा देवळाला गेलेला बरा. खर्चाच्या राजकारणाने माणसांना कुठवर आणून सोडले आहे हे या युक्तिवादातून कळते. आयोगाने निवडणूक रद्द केली हे योग्यच झाले.

देखरेखीविषयी थोडे. मुख्य निवडणूक आयुक्त टी. एन. शेषन यांच्या काळापासून खर्च निरीक्षक, स्वतंत्र बँक खाते, सभांचे चित्रीकरण, उमेदवाराच्या वहीशेजारी चालणारे आयोगाचे शॅडो रजिस्टर, आणि जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याचे दरपत्रक अशी मोठी व्यवस्था उभी राहिली आहे. दरपत्रकात चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, फेटा, ढोलपथक यांचे दर ठरलेले असतात आणि सभेला तीनशे खुर्च्या दिसल्या की तीनशे खुर्च्यांचे भाडे खात्यात धरले जाते. हे काम करणारे महसूल आणि लेखा विभागाचे कर्मचारी रात्र रात्र जागतात, आणि फ्लेक्स कमी होण्यामागे त्यांचे श्रम आहेत. पण दिसतो तोच खर्च मोजता येतो. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्या गौरवाचे रकानेच्या रकाने अनेक मराठी वृत्तपत्रांत आले आणि त्यांच्या हिशेबात वृत्तपत्रीय जाहिरातींचा खर्च होता ५,३७९ रुपये. पत्रकार पी. साईनाथ यांनी हे प्रकरण उघड केले. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिशेब खरा आहे का हे तपासण्याचा आयोगाचा अधिकार मान्य केला, जुलैमध्ये आयोगाने चव्हाण यांचा हिशेब सदोष ठरवला आणि सप्टेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा तो आदेश रद्द केला. पाच वर्षांची विधानसभा तोवर संपत आली होती. उमेदवाराच्या परवानगीशिवाय त्याच्या प्रचारावर खर्च करणाऱ्यासाठी भारतीय दंड संहितेत शिक्षा होती ती जास्तीत जास्त ५०० रुपये दंडाची. २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो दहा हजार झाला आहे.

सुधारणांचे अहवाल पुष्कळ आहेत. दिनेश गोस्वामी समिती १९९० ची, इंद्रजित गुप्ता समिती १९९८ ची, विधी आयोगाचे अहवाल १९९९ आणि २०१५ चे. सरकारी निधीतून निवडणूक, हा त्यातला सर्वांत चर्चित उपाय. माझा त्यावर फारसा विश्वास नाही, कारण पक्षाच्या हिशेबात शिस्त नसताना वरून सरकारी पैसा दिला तर तो रोकडीत भर घालील, तिची जागा घेणार नाही. पक्षाच्या एकूण खर्चाला मर्यादा आणि उमेदवाराचा हिशेब अर्जाच्या दिवसाऐवजी निदान वर्षभर आधीपासून, हे दोन बदल मला आधी हवेत. दोन्हींसाठी घटनादुरुस्ती लागत नाही. खर्चाच्या या शर्यतीने आत्ताच काय केले आहे ते विधानसभेत बसलेल्यांकडे पाहून कळते: २०२४ मध्ये निवडून आलेल्या ज्या २८६ आमदारांची शपथपत्रे एडीआरने तपासली, त्यांतले २७७ कोट्यधीश होते.

या सगळ्या अहवालांच्या आधी सासवडचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांच्या अध्यक्षतेखाली जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने एक समिती नेमली गेली होती. १९७४ चा तो अध्यादेश ताजा होता. फेब्रुवारी १९७५ मध्ये समितीने अहवाल दिला. मान्यताप्राप्त पक्षांनी जमाखर्च ठेवावा आणि त्याची तपासणी निवडणूक आयोगाने नेमलेल्या लेखापरीक्षकांकडून व्हावी, अशी शिफारस त्यात होती. पक्षांचा लेखापरीक्षक आजही पक्षच नेमतात.